सहा सेंटिमीटर केस

व्यंकट घंटेवाड वारला तेव्हा रुग्णवाहिका टेंभुर्णीच्या थोडी पुढे गेली होती. दुपारचे दोन वाजले होते. त्याची बायको शिवकांता त्याच्या तोंडावरचा मास्क एका हाताने धरून बसली होती, कारण गाडी हादरली की तो सरकत होता. छाती थांबली हे तिला मास्कवरूनच कळलं. आतून येणारी वाफ बंद झाली.

त्या दिवशी सकाळी पुण्याजवळच्या भामा औद्योगिक पट्ट्यातल्या बॅटरीच्या कारखान्यात वायू सुटला होता आणि सतरा कामगारांच्या छातीत गेला होता. त्यातल्या चौघांना दहा मिनिटांवरच्या रुग्णालयात दाखल करून घेतलं. उरलेल्या तेराजणांना प्राणवायू लावून, एक सुई टोचून, आपापल्या मूळभागी रवाना केलं. व्यंकटचा मूळभाग देगलूर होता. नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, चारशेहून जास्त किलोमीटरवर.

इंदापूर जवळ आलं तेव्हा गाडीतल्या नर्सने घाबरून फोन लावला होता. पेशंट पुढे टिकणार नाही, इथेच कुठेतरी उतरवते, परवानगी द्या, असं ती म्हणाली. फोन स्पीकरवर होता. पलीकडचा आवाज शांत होता, जवळजवळ प्रेमळ.

"सिस्टर, पेशंटच्या केसांत इंदापूर आहे का? नाही ना? मग पुढे घ्या."

नर्सने फोन ठेवला आणि ती खिडकीबाहेर बघत राहिली. शिवकांताने तिला विचारलं, हा कोण माणूस. नर्स म्हणाली, कारखानीस साहेब. पट्ट्याच्या प्राधिकरणाचे कामगार-प्रमुख. नियम त्यांनीच लिहिला आहे.

*

तो नियम असा होता. माणूस जिथला आहे तिथल्या महागाईप्रमाणे त्याला पगार मिळावा आणि तिथेच त्याला सरकारी सोयी मिळाव्यात. कागदावर हे न्याय्य दिसत होतं. म्हणजे शहरावर ताण पडणार नाही आणि मागास भागांचा पैसा मागास भागांत राहील, असं उदयन कारखानीस प्रत्येक भाषणात सांगत. अडचण एकच होती. कोण कुठला हे ठरवायचं कसं? कागदपत्रं खोटी निघत, पत्ते बदलत. मग ते यंत्र आलं.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, आणि वाढताना माणूस जे पाणी पितो त्याची नोंद स्वतःत ठेवतो. पाण्यातला ऑक्सिजन सगळीकडे सारखा नसतो. त्यात काही अणू हलके असतात, काही किंचित जड. समुद्रावरून निघालेला ढग जड पाणी आधी टाकत जातो, त्यामुळे कोकणातला पाऊस वेगळा आणि घाटापलीकडचा वेगळा. उन्हाने तापणाऱ्या तलावातून हलकं पाणी आधी उडून जातं आणि जड मागे राहतं. शिवाय खडक. पुण्याखाली काळा पत्थर आहे, देगलूरकडे तो संपून ग्रॅनाइट सुरू होतो. दोन्ही खडकांतून पाण्यात उतरणारा स्ट्रॉन्शियम नावाचा धातू वेगवेगळ्या ठेवणीचा असतो. हे सगळं रक्तातून केसात जातं. यंत्र केसावरून फिरवलं की गेल्या सहा महिन्यांत तो माणूस कुठलं पाणी पीत होता हे महिन्यावार पडद्यावर उमटतं.

दिसायला ते यंत्र दातेरी होतं, म्हणून कामगार त्याला कंगवा म्हणत. सहा सेंटिमीटर केस सलग पट्ट्यातले निघाले तरच माणूस स्थानिक. स्थानिकाला दीडपट पगार, पट्ट्यातलं घर, पट्ट्यातलं रुग्णालय. आणि बाहेरच्यांना कारखाने कंत्राट देत ते पाच महिन्यांचं. पाच महिने काम, एक महिना सक्तीची सुट्टी. त्या महिन्यात माणूस गावी जाई, गावचं पाणी पिई, आणि पाच सेंटिमीटरवर येऊन ठेपलेला केस पुन्हा शून्यावर येई. अशी वीस वर्षं कुणी काम केलं असतं तरी तो बाहेरचाच राहिला असता.

लोकांनी यातून वाट काढली होती. देगलूरच्या आठवडी बाजारात पुण्याच्या पाण्याचे कॅन मिळू लागले. अझर नावाचा एक टेम्पोवाला आठवड्यातून दोनदा इंद्रायणीकाठच्या विहिरींवरून पाणी भरून आणायचा आणि सुट्टीवर आलेले कामगार महिनाभर तेच पिऊन स्थानिक होण्याची धडपड करायचे. काहींना जमलं. व्यंकटने मात्र ते कधी घेतलं नाही. आपल्या गावाला एवढा मोठा तलाव असताना विकतचं पाणी पिऊन कुणाला दाखवायचं आहे, असं तो म्हणायचा. शिवकांताने त्याला दोनदा सांगून बघितलं होतं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही, याची तिला पुढे वर्षानुवर्षं चीड येत राहिली.

*

चौदाव्याचं जेवण उरकल्यावर तिच्या भावाने तिला गावीच राहायला सांगितलं. ती वर्षभर राहिली. त्या वर्षात तिने कारखानीसांबद्दल मिळेल ते वाचलं, त्यांची भाषणं ऐकली. दर वर्षी प्राधिकरणाच्या वर्धापनदिनाला ते हजारो कामगारांसमोर मंचावर बसतात आणि सगळ्यात आधी स्वतःचं डोकं कंगव्याखाली देतात, हे तिने एका बातमीत पाहिलं. नियम सर्वांना सारखा, हे दाखवण्यासाठी. चांदीसारखे, मागे वळवलेले, चांगले बोटभर लांब केस होते त्यांचे.

त्या संध्याकाळी ती तलावावर गेली आणि बराच वेळ पाण्याकडे बघत बसली. दुसऱ्या दिवशी तिने अझरला गाठलं. तिने त्याला विचारलं की पुण्याला जाताना तुझे कॅन रिकामे असतात का. तो म्हणाला, असतात. मग ते भरून नेत जा, असं ती म्हणाली. अझरची धाकटी बहीण त्याच तेराजणांपैकी एकाची बायको होती. तो माणूस वाचला होता, पण दहा पावलं चालला की खाली बसत होता. अझरने कशासाठी ते विचारलं नाही.

पट्ट्यातल्या साहेबांच्या घरी स्वयंपाकाला बायका पुरवणारी एक संस्था होती. घरकामाला कंगवा लागू नव्हता, कारण मग साहेबांना स्वयंपाकीण परवडली नसती. शिवकांताने माहेरचं आडनाव लावलं आणि नाव नोंदवलं. तीन घरं सोडून देऊन, चार महिने थांबून, शेवटी तिला हवं ते घर मिळालं.

कारखानीस विधुर होते. सातव्या मजल्यावर एकटे राहत. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला अहोजाहो केलं, तुमच्याकडे ज्वारीची भाकरी चांगली करतात म्हणे, असं विचारलं. तो आवाज ऐकून शिवकांताच्या हातातली परात ओट्यावर आपटली. घाबरू नका, असं ते म्हणाले.

ते दिवसभर तांब्याच्या भांड्यातलं पाणी पीत. ऑफिसलाही घरूनच बाटल्या भरून नेत. ही सवय तिच्या पथ्यावर पडली. ती रोज सकाळी भाजीच्या पिशवीतून पाच-पाच लिटरचे दोन कॅन आणी. पिण्याला तेच, डाळीला तेच, भाताला तेच, चहालाही तेच. घरातल्या फिल्टरच्या नळाला तिने हात लावणं सोडून दिलं. पंधरा दिवसांनी कारखानीस जेवताना म्हणाले, हल्ली डाळ काय सुरेख शिजते. ती म्हणाली, पाण्याचा गुण असतो साहेब.

असे सात महिने गेले. न्हावी महिन्यातून एकदा येऊन टोकं कापून जायचा आणि मुळाशी नवीन केस यायचा. कधी त्यांना पंखा लावून डुलकी लागली की ती स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्या डोक्याकडे बघत उभी राहायची. एक सेंटिमीटर झाला असेल. दोन झाले असतील. तिला त्या माणसाच्या डोक्यावर आपलं गाव उगवताना दिसत होतं, आणि इतका आनंद तिला लग्नातही झाला नव्हता.

शिवकांताच्या कामाच्या पाचव्या महिन्यात कारखानीसांची मुलगी रेवती बाळंतपणाला आली. ती कॅनडात असायची, नवरा कामामुळे तिथेच थांबला होता. मोकळ्या स्वभावाची बाई होती. ओट्याशी स्टूल घेऊन बसायची, भाकरी थापायला शिकायची, आणि फाटली की स्वतःलाच हसायची. मावशी, तुमचे यजमान काय करतात, असं तिने एकदा विचारलं. शिवकांता म्हणाली, कारखान्यात होते, वारले. रेवतीने पिठाचा हात तसाच तिच्या हातावर ठेवला. तो हात झटकून टाकावा असं शिवकांताला वाटलं, आणि तो तसाच राहावा असंही वाटलं. तिने दुसऱ्या हाताने तव्यावरची भाकरी उलटली.

*

वर्धापनदिन आला. नऊ हजार कामगार मैदानात बसले होते. शिवकांता मागच्या बाजूला, बायकांत. कारखानीस मंचावर बसले, हसून मान झुकवली, आणि तंत्रज्ञाने कंगवा फिरवला. मोठ्या पडद्यावर अक्षरं आली. मूळभाग, देगलूर. कालावधी, सलग सहा महिने.

पुढच्या रांगेतल्यांनी ते मोठ्याने वाचून मागे सांगितलं. मग कुठून तरी एक हसला, आणि ते हसणं पसरत गेलं. दुसरा कंगवा आणला. तोच निकाल. कारखानीसांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना शिवकांताने पाहिला. या क्षणासाठी तिने जवळजवळ दोन वर्षं काढली होती.

पण मग ते उठले आणि त्यांनी माइक घेतला. निकालाचं कारण मला माहीत नाही, असं ते म्हणाले. मी जन्मात देगलूरला गेलेलो नाही. पण नियमात अपील नाही, फेरतपासणी सहा महिन्यांनी आहे. जो नियम मी तुम्हाला लावला तो मला लागू आहे. आजपासून मी देगलूरचा पगार घेईन.

कामगारांनी टाळ्या वाजवल्या. हसत होते त्यांनीसुद्धा.

शिवकांता त्या टाळ्यांतून वाट काढत मैदानाबाहेर पडली. पुढचे काही आठवडे तर असह्य होते. वर्तमानपत्रांनी त्यांना तत्त्वनिष्ठ म्हटलं. पगार कमी झाला, पण घर त्यांच्या मालकीचं होतं, बँकेत आधीचं होतं, गाडी होती. व्यंकटला ज्या शिक्क्याने मारलं तोच शिक्का हा माणूस छातीवर पदकासारखा मिरवत होता. मागास भागाचा होणं त्याला परवडत होतं. आपण सात महिने पाणी वाहून या माणसाला फक्त मोठा केला, असं तिला वाटलं. काम सोडावं असं तिने ठरवलं, पण रेवतीचे दिवस भरत आले होते, म्हणून ती आठवडाभर थांबली.

*

रेवतीला चौतिसाव्या आठवड्यातच, दुपारी जेवताना, रक्तस्राव सुरू झाला. कारखानीसांनी स्वतः गाडी चालवली. मागे रेवतीचं डोकं शिवकांताच्या मांडीवर होतं. दहा मिनिटांत ते त्या रुग्णालयात पोहोचले जिथे सतरातल्या चौघांना घेतलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की वार गर्भपिशवीपासून आधीच सुटली आहे, लगेच शस्त्रक्रिया आणि रक्त हवं, अर्धा तास फार तर. नोंदणीच्या खिडकीतल्या मुलीने कार्ड लावलं आणि ती थांबली. रेवतीच्या स्वतःच्या केसांत परदेश होता, त्यामुळे तिची नोंद वडिलांवर अवलंबून म्हणून होती. वडिलांचा मूळभाग देगलूर. रक्तपेढीचं कपाट आणि शस्त्रक्रियेचं दालन दोन्ही कार्डाच्या परवानगीशिवाय उघडत नव्हतं. पडद्यावर कलम नऊ आलं होतं. रुग्णास स्थिर करून मूळभागी पाठवावे.

कारखानीस म्हणाले, ते वाचन चुकीचं आहे, मी तिथे कधी गेलेलोच नाही. खिडकीतली मुलगी खाली बघत म्हणाली, "सर, सगळे असंच म्हणतात."

त्यांनी प्राधिकरणाच्या अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्ष म्हणाले, तुम्हाला एक सूट दिली तर उद्या नऊ हजार लोक दारात येतील, हे तुम्हीच मला शिकवलंत. फोन बंद झाला. बाहेर रुग्णवाहिका मागे घेतली जात होती.

तेव्हा शिवकांता त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि हळू आवाजात बोलली. तिने तलावाचं सांगितलं, कॅनचं सांगितलं, डाळीचं सांगितलं. मग तिने आपलं खरं आडनाव सांगितलं.

"इंदापूरजवळ नर्सचा फोन आला होता तुम्हाला," ती म्हणाली. "केसांत इंदापूर आहे का, असं विचारलं होतं तुम्ही. मी गाडीत होते."

त्यांना ते आठवलं नाही. आठवत नाही हे त्यांच्या तोंडावर दिसलं, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

ते भानावर आले आणि त्यांनी तिचा दंड धरला. हे लिहून द्या, असं ते म्हणाले. पाण्यात फेरफार केला असं लिहून द्या, माझ्यापुरतं वाचन रद्द होईल, कपाट उघडेल. तुमच्यावर काही येऊ देणार नाही, शब्द देतो.

"तुमच्यापुरतं," शिवकांता म्हणाली.

नियमात आणखी एक कलम होतं, अकरावं. जबाबदार अधिकाऱ्याने कंगव्यावर विश्वास ठेवता येत नाही असं लिहून दिलं तर चौकशी होईपर्यंत पट्ट्यातले सगळे मूळभाग स्थगित. कारखानीसांनी ते आत्मविश्वासाने घातलं होतं, कारण ते वापरायची वेळ येणार नव्हती. शिवकांताने सगळा नियम पाठ केला होता. तिने त्यांना सांगितलं की अकराव्या कलमाखाली सही करा. केस खोटं बोलतात असं लिहा. सगळ्यांचे.

ते म्हणाले, त्याने सगळं कोसळेल, वीस वर्षांचं काम. ते म्हणाले, तिचा यात काय दोष, तिने तुम्हाला काय केलं आहे. आतून रेवतीचा आवाज आला, बाबा म्हणत होती.

शिवकांता भिंतीला टेकून उभी राहिली. समोर घड्याळ होतं. तिच्या एका ओळीने दार उघडलं असतं, आणि ती गप्प राहिली. हाताला रेवतीच्या रक्ताचा चिकटा होता आणि तिने तो पुसला नाही. तिला व्यंकटचा मास्क दिसत होता. ती मनात म्हणत होती, बघ, हा आता ओळखेल तुला, याला आता कळेल गाडी पुढे घेणं म्हणजे काय. अकरा मिनिटं गेली.

मग उदयन कारखानीसांनी खिडकीतून कागद मागितला. त्यावर त्यांनी वरती अकरावं कलम लिहिलं. सही झाली, शिक्का लागला, आणि खिडकीतल्या मुलीने काहीतरी दाबलं तसं आतल्या कपाटाचं कुलूप वाजलं.

*

मुलगी झाली. अशक्त, पण जगली. रेवतीही वाचली, फक्त तिला पुन्हा मूल होणार नाही असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. थोडं आधी झालं असतं तर गर्भपिशवी वाचवता आली असती.

पट्ट्यात त्यानंतर जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. एकदा साहेबांच्याच हस्ताक्षरात आल्यावर कंगवा पुन्हा उभा राहिला नाही. देगलूरचे, धारणीचे, सिरोंच्याचे लोक सहा महिने सलग कामावर राहू लागले आणि दीडपट पगार सगळ्यांना मागता येऊ लागला. काही कारखाने उठून दुसऱ्या राज्यात गेले, तिथे नवा नियम शोधत. कारखानीसांनी राजीनामा दिला. चौकशी आयोगापुढे शिवकांताने पाण्याचं सगळं खरं सांगितलं. तिच्यावर खटला भरायचा की नाही यावर वकील बराच काळ बोलत राहिले आणि शेवटी भरला नाही.

आयोगाच्या शेवटच्या दिवशी, नियमामुळे रस्त्यात मेलेल्यांची नावं वाचली गेली. एकतीस होती. नाव आलं की नातेवाइकाने उभं राहायचं होतं. घंटेवाड व्यंकट लक्ष्मण, वय एकेचाळीस. शिवकांता उभी राहिली. पुढच्या रांगेत कारखानीस बसले होते, आयोगाने सांगितल्याप्रमाणे प्रत्येक नावाला मागे वळून बघत होते. तिच्याकडेही ते वळले. तिने नजर हलवली नाही. शेवटी त्यांनीच आपली खाली घेतली. तिला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं तिने कुणापासून लपवलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर रेवती उभी होती. कडेवर पाच महिन्यांची मुलगी. रेवती वाळली होती, पण डोळे तेच होते, ओट्याशी स्टूलवर बसणारीचे. तिने आयोगाचं सगळं वाचलं होतं. रागावली नव्हती, निदान तसं दिसत नव्हतं. तिने सांगितलं की बाबांनी त्या गाडीला काय केलं ते मला माहीत नव्हतं, आणि त्याबद्दल मी तुमची माफी मागते. मग तिने विचारलं.

"मावशी, मला एकच सांगा. बाबांनी सही केली नसती, तर तुम्ही बोलला असता ना?"

हो म्हणायला काही लागत नव्हतं. रेवतीला तेच ऐकायचं होतं. ते ऐकून ती कदाचित मुलीला शिवकांताच्या हातात देणार होती, तिने तशी थोडी पुढेही केली होती. पण त्या घरात शिवकांताने इतके महिने खोटं बोलून काढले होते, आणि त्या घरात तिच्याशी खरं वागलेली ही एकटीच होती.

"नाही," ती म्हणाली. "नसते बोलले."

रेवतीने मुलीला परत छातीशी घेतलं. तिच्या डोक्यावरचं टोपरं नीट केलं, वाऱ्याने सरकलं होतं. मग ती पायऱ्या उतरून गेली, सावकाश, कठड्याला धरून. शिवकांता तिथेच उभी राहिली. खाली रस्त्यावर अझरने टेम्पो लावला होता आणि तो हात करून तिला बोलावत होता, आणि ती येते येते असं खुणेने सांगत होती, पण पाय उचलत नव्हती.